निर्माल्याचं लॉन

फोनवरचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असे. "फवारायला काय आहे हो तुमच्याकडे?" लॉनमध्ये तण माजलेलं असे आणि रविवारी घरी कार्य असे. मी विचारी, "वेळ किती आहे?" उत्तर येई, "सांगितलं ना, रविवारपर्यंत." मग मी सांगे की माझ्याकडे फवारायला काही नाही, खुरपं आहे. बरेच जण तिथेच फोन ठेवत. जे ठेवत नसत ते माझी गिऱ्हाइकं होत, आणि पुढे पुष्कळ वर्षं राहत.

गिरगावापासून दादर-प्रभादेवीपर्यंतच्या पट्ट्यात मी उमेदीचा सगळा काळ दुसऱ्यांच्या बागा सांभाळण्यात घालवला. बागा म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन इमारतींमधला अरुंद पट्टा, एखाद्या दवाखान्यापुढचं गवत, गच्चीवरच्या कुंड्या, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वीतभर मातीवर वाढवलेलं लॉन. दापोलीला शेतकी शिकून आलेल्या मुलानं हे करावं याचं वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. "चार वर्षं शिकून गवत उपटतोस?" असं ते विचारत. ते खरंच होतं. मी गवतातून गवत उपटत होतो.

औषध न मारता तण कसं आवरायचं ते लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं. लिहायला बसून बरेच दिवस झाले. दर वेळी दोन परिच्छेद होतात आणि लेखणी माझ्या थोरल्या बहिणीच्या इमारतीतल्या लॉनकडे वळते. ताई या फाल्गुनात गेली. तेव्हा आता तिचंच सांगतो. धंद्याचं जे सांगायचं ते त्यात येईल.

तरी थोडं आधी सांगावं लागेल. तण बाहेरून चालून येत नाही. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून असतं आणि उजेडाची वाट बघत असतं. आपल्याकडे लोक लॉन कापतात ते न्हाव्यानं लहान पोराचं डोकं भादरावं तसं. माती उघडी पडली की बियांना उजेड मिळतो. गवत तीन बोटं उंच ठेवलं तर त्याच्याच सावलीत अर्धं तण रुजत नाही. पाणी रोज शिंपडायचं नाही. एक-दोन दिवसांआड, पण खोल मुरेल असं द्यायचं. उपटायचं ते फूल धरायच्या आधी, माती ओली असताना, मुळासकट. वाफ्यांत ओल्या वर्तमानपत्राचे थर आणि वर पालापाचोळा. वाफा रिकामा असेल तर एप्रिल-मेमध्ये तो भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं, म्हणजे उन्हानं वरच्या थरातलं बी शिजून जातं. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं वाट बघणं.

लोकांना हे पटत नाही असं नाही. पटतं, पण धीर नसतो. कॉटन ग्रीनला एक गोदामवाले शेठ होते. त्यांच्या अंगणात फरशीच्या कडेनं गवत येई. त्यांनी विचारलं, "मीठ टाकलं तर?"

"तण मरेल."

"मग टाकतो ना!"

"पण मग तिथे दुसरंही काही येणार नाही."

"मला काय शेती करायचीय इथे?" असं म्हणून त्यांनी पोतंभर खडेमीठ ओतलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा जुना चाफा वाळायला लागला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मीठ परत उचलता येत नाही हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण तो चाफा त्यांच्या आईनं लावलेला होता. आणि गिरगावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मी त्यांच्या वाफ्यांवर वाळका पाला अंथरून गेलो की ते तासाभरात तो झाडून काढत आणि मला फोन करत, "अहो, आम्ही कचरा काढतो आणि तुम्ही पुन्हा आणून टाकता!" शेवटी मी त्यांना नारळाच्या सोडणांचा भुसा आणून दिला. तो त्यांना कचरा वाटला नाही, कारण त्याचे पैसे पडले होते.

आता ताईचं. ती दादरला राहायची. तीन जुन्या इमारती आणि त्यांच्या मधोमध एक चौकोनी लॉन. आमचे भाऊजी कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, हात थोडा परत आला, पण डावा पाय परका राहिला. घरातल्या फरशीवर तो टेकला की नाही हे त्यांना खाली बघून कळे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं ताईला सांगितलं की रोज सकाळी अनवाणी गवतावर चालवा, तळव्याला जाग येईल.

त्याप्रमाणे ताई त्यांना रोज सकाळी खाली आणी. डाव्या बाजूला ती, उजव्या हातात काठी. लॉनच्या कडेला चप्पल काढायची आणि गवतात पाऊल टाकायचं. मग ताई विचारी, "काय आहे आज?" भाऊजी वर आभाळाकडे बघत, खाली बघायचं नाही हा नियम होता, आणि थोडा वेळ थांबून सांगत, "ओलं आहे." एखाद्या दिवशी, "गार." एखाद्या दिवशी, "टोचतंय काहीतरी." टोचतंय म्हणाले की ताईला विशेष आनंद होई. "टोचलं, अरू! डाव्याला!" असा तिचा मला सकाळी सात वाजता फोन येई. पाच-सहा महिन्यांत ते काठीवर एकटे लॉनची एक बाजू चालून जायला लागले. ताई मागून येई, हात लावायची नाही.

त्या वर्षी गणपतीत ताईनं निर्माल्य गोळा करायचं ठरवलं. समुद्रात काही टाकायचं नाही, सगळ्या घरांतलं निर्माल्य मागच्या बाजूला विटांच्या खड्ड्यात जमवायचं आणि त्याचं खत लॉनला घालायचं. कल्पना चांगली होती. मी तिला नीट समजावलं. नुसती फुलं-पानं कुजतात, पण तापत नाहीत. त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा घाल, शेण मिळालं तर घाल, दर आठवड्याला फावड्यानं खालचं वर कर. आत हात घातला तर चटका बसेल इतकं ते तापलं पाहिजे, तरच त्यातलं बी मरतं.

ताईला ते पटेना. "देवाच्या निर्माल्यात उष्टं-खरकटं घालू?"

"उष्टं नको. भाजीची देठं घाल."

"आणि फावडं मारू त्याच्यावर? वर पाय देऊन? अरू, तू पुस्तकं वाचून वाचून कामातून गेलास."

आमचं यावर भांडण झालं नाही. आमच्यात भांडण असं कधी होत नसे. तिनं खड्ड्यावर स्वच्छ गोणपाट घातलं, वरून अधूनमधून हलकं पाणी शिंपडलं आणि त्याला कुणाचा हात-पाय लागू दिला नाही. देवघरात एखादी वस्तू ठेवावी तसं ते खत आठ-नऊ महिने पडून राहिलं. मे महिन्यात तिनं ते चाळून काढलं. काळंभोर, मोकळं, वासाला चांगलं. भाऊजींना खुर्चीवर बसवून तिनं आणि दत्तारामनं ते सगळ्या लॉनवर पसरलं. दत्ताराम हा तिथला माळी, सावंतवाडीकडचा. मीही तिथे होतो. हातात घेऊन बघितलं तर मलाही ते छान वाटलं. चांगल्या खतात आणि कच्च्या खतात डोळ्यांना फरक दिसत नाही. तो पाऊस पडल्यावर दिसतो.

जूनच्या शेवटी ताईचा फोन आला. "जरा ये बाबा. मला काही कळत नाहीये."

गणपतीला जे जे वाहिलं होतं ते ते उगवून आलं होतं. एकवीस पत्रींतल्या तुळशीची रोपं तर मूठ मूठ. झेंडू. माका. आघाडा गुडघ्यापर्यंत चढायच्या बेतात. दूर्वांच्या कांड्यांनी जाळं विणलेलं. मूळचं बारीक पातीचं लॉन त्या सगळ्याखाली पिवळं पडलेलं. आणि या सगळ्यांच्या मधून लव्हाळा. तो आधीपासून तिथे थोडा थोडा होताच, पण खत खाऊन तो असा वर आला होता की हिरव्या सुऱ्या रोवून ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

भाऊजी कडेला चप्पल घालून उभे होते. दोन दिवसांपूर्वी दूर्वांच्या जाळ्यात त्यांचा पाय अडकून ते पडता पडता वाचले होते. उघड्या पायाला ओरबाडणाऱ्या आघाड्याच्या तुऱ्यांची भीती वेगळीच. तेव्हापासून चालणं बंद होतं. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सवय सुटली की पाय पुन्हा झोपतो, असं ती व्यायामवाली मुलगी म्हणते. फार दिवस नाहीत आपल्याकडे."

मी दत्तारामला म्हटलं, चला, सुरुवात करू. त्यानं थोडा आघाडा उपटला, चार झेंडू उपटले, आणि तुळशीपाशी थांबला.

"तुळस मी उपटूचंय नाय, साहेबांनू."

"अरे, तण आहे ते आता."

"तण तुमका. माका नाय." आणि खुरपं खाली ठेवून तो नळाकडे गेला.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी पेडणेकर हा चाळिशीतला माणूस. तो वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. "काकू, आपल्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात, रोज कुणाची ना कुणाची उचलून नेतात. हे लॉन तसंही जंगल झालंय. पेव्हर ब्लॉक टाकू, वीस गाड्या बसतील. नाहीतर एक औषध मारू. आठ दिवसांत जमीन साफ."

ताई उभी राहिली. औषधाला तिचा विरोध होता, कारण त्या गवतावर भाऊजींचे उघडे पाय पडायचे होते आणि संध्याकाळी रांगती पोरं बसायची होती. पेव्हर ब्लॉकबद्दल तर बोलायलाच नको. ती शांत बाई होती, पण त्या दिवशी तिला राग आला असावा. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत मला द्या. असं लॉन करून दाखवते की पाय ठेवायला जीव होणार नाही."

सभेनं दिवाळीपर्यंत मुदत दिली. ताईनं घरी येऊन मला फोन केला. "अरू, मी शब्द देऊन बसलेय. आता तू बघ."

दिवाळी म्हणजे चार महिने, आणि त्यातले तीन पावसाचे. पावसाळ्यात प्लास्टिक ताणून काही शिजत नाही. गवत पुन्हा उभं करायचं असल्यामुळे कागद अंथरून झाकणंही शक्य नव्हतं. हातानंच काढायचं होतं, आणि हात पुरत नव्हते. त्यात माळ्याचा तुळशीला नकार. मी दोन दिवस नुसता बघत बसलो. मग ताईच म्हणाली, "आपण ते उपटायचं कशाला? ज्यांना हवंय त्यांना देऊ की. गणपती येतायत."

मी इतकी वर्षं या धंद्यात होतो, पण हे मला सुचलं नव्हतं. तिनं आसपासच्या इमारतींतून निरोप फिरवला, फूलबाजारात बसणाऱ्या दोघी-तिघींना सांगितलं. हरतालिकेच्या आदल्या दिवसापासून बायका यायला लागल्या. लालबाग-परळहून सुद्धा आल्या. आघाडा, दूर्वा, माका, तुळस, हवं ते न्या, फुकट. अट एकच. दूर्वा खुडताना लोक वरचा शेंडा खुडतात आणि मूळ जागच्या जागी राहतं. म्हणजे पूजा होते, तण जात नाही. त्यामुळे ताई लॉनच्या तोंडाशी स्टूल टाकून कात्री घेऊन बसली. आधी मुळासकट उपटून तिच्याकडे आणायचं, ती मुळं कापून टोपलीत टाकणार आणि शेंड्याची जुडी तुमच्या हातात देणार.

"आजी, आमच्याकडे तोडतात, उपटत नाहीत," एक तरुण मुलगी म्हणाली.

"गणपतीला चालतं गं. मी विचारलंय त्याला."

बायका हसल्या आणि उपटायला लागल्या. तुळशीचा प्रश्नही तिनंच सोडवला. तुळस उपटायची नाही, हलवायची. दत्ताराम मातीच्या गोळ्यासकट रोप काढून द्यायला तयार झाला. लोक डबे, डालड्याचे जुने पत्र्याचे टिन, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आले. दादरच्या त्या भागात त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला कुणाला तुळस विकत घ्यावी लागली नसेल. भाऊजी वरच्या गॅलरीत खुर्चीत बसून हे सगळं बघत. एकदा ते वरून ओरडले, "त्या कोपऱ्यात राहिलीय!" सगळ्या बायकांनी वर बघितलं. ताई म्हणाली, "शिरस्तेदारांचं लक्ष असतं हं, एकही सुटायची नाही."

विसर्जनापर्यंत लॉन जवळजवळ मोकळं झालं. पण लव्हाळा राहिला. त्याला कुठल्याच देवाची पूजा नाही. लव्हाळ्याचं पातं ओढलं की ते हातात येतं आणि खाली वाटाण्याएवढी गाठ तशीच राहते. त्या गाठीतून पुन्हा पातं, आणि एका गाठीपासून दुसरी, अशी माळच असते. तोडली तर प्रत्येक मणी वेगळा फुटतो. औषध न मारता लव्हाळा काढायचा म्हणजे दोनच मार्ग. एकतर माती उकरून माळ सबंध काढायची, नाहीतर पातं वर आलं रे आलं की छाटत राहायचं, म्हणजे गाठीला खायला मिळत नाही आणि ती हळूहळू थकते. थकायला दोन-तीन मोसम लागतात. आमच्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ होता. नवरात्रभर मी, दत्ताराम आणि ताई पाटावर बसून, हातभर तुकडा आखून घेऊन, गाठी वेचत होतो. ताईची कंबर धरायची. "अगं तू ऊठ," मी म्हणायचो. ती म्हणायची, "यांचा पाय झोपतोय तिकडे, आणि मी उठू?"

गाठी काढल्या तिथे माती उघडी पडली. उघडी माती म्हणजे पुन्हा तणाला आमंत्रण, म्हणून तिथे लागलीच लॉनचे लहान लहान तुकडे लावून टाकले. नव्या गवताला मूळ धरेपर्यंत पाय लागता कामा नये. हे मीच सांगितलं, सांगणं भागच होतं. पेडणेकरनं उत्साहानं चारी बाजूंनी खुंट ठोकून पिवळी दोरी बांधली.

दिवाळीच्या पहाटे दिव्यांच्या उजेडात ते लॉन बघायला तिन्ही इमारती खाली उतरल्या. खोटं कशाला सांगू, इतकी वर्षं केलेल्या कामात इतकं दाट, इतकं एकसारखं गवत माझ्या हातून झालं नव्हतं. लोकांनी फोटो काढले. पेडणेकरनं माझ्या हातात पेढा ठेवला आणि जाहीर केलं की पार्किंगचा विषय संपला. ताई भाऊजींना घेऊन दोरीपाशी उभी होती. भाऊजी म्हणाले, "कार्पेट आहे की." ताई म्हणाली, "अजून पंधरा दिवस. मग तुमचंच."

पंधरा दिवसांनी मी फोन करून सांगितलं की आता चालायला हरकत नाही. ताई म्हणाली, दोरी अजून आहे. महिन्याभरानं गेलो तर दोरी होतीच, आणि एक नवी पाटीही होती. हिरवळीवर पाय ठेवू नये. मी पेडणेकरला गाठलं.

"साहेब, तुमच्याच कष्टाचं आहे," तो म्हणाला. "आता कशाला तुडवायचं? एकाला सोडलं की क्रिकेटवाली पोरं शिरणार. मग पुन्हा गाड्यांचा विषय निघेल. आणि काकूच म्हणाल्या होत्या ना सभेत, पाय ठेवायला जीव होणार नाही म्हणून?"

तो हे चिडवायला म्हणाला नव्हता. त्याला ते खरोखरच कौतुक वाटत होतं. मी म्हटलं, निदान भाऊजींना तरी. तो म्हणाला, बघू, मीटिंगमध्ये घेतो.

ताईला मी सांगितलं, तू दोरी उचल आणि घेऊन जा त्यांना, कोण अडवतंय. ताई गेलीही असती. भाऊजी जाईनात. जन्मभर कोर्टात काढलेला माणूस. ते म्हणाले, "पाटी आहे." ताईनं समजावलं, रागावली. ते पुन्हा म्हणाले, "पाटी आहे ना पण." त्यामुळे ती त्यांना लॉनच्या भोवतीच्या टाइल्सवरून चालवायची. तिथे त्यांना कळायचं नाही, खाली बघावं लागायचं. फेऱ्या कमी होत गेल्या. थंडीत एकदा मी सकाळी गेलो तेव्हा ते दोघं दोरीला धरून उभे होते, चालत नव्हते. दव पडून गवत चकचकत होतं. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय केलंस रे हे इतकं चांगलं!"

मी म्हटलं, "पुन्हा बोलतो पेडणेकरशी."

"राहू दे. तो बिचारा भांडण नको म्हणून करतोय. पाडव्याला मीच दोरी सोडते. सणाच्या दिवशी कुणी काही बोलत नाही."

मी पेडणेकरशी पुन्हा बोललो नाही. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की घाई करू नका, गवताचं काम त्याच्या वेळेनंच होतं. ते सांगता सांगता मीही तसाच झालो असेन. लव्हाळ्याची गाठ मातीत वर्षभर पडून राहिली तरी तिचं काही जात नाही. माणसाच्या पायाचं तसं नसतं. ताई मला हे जूनमध्येच सांगत होती.

पाडव्याच्या आधी, फाल्गुनात, ताई दुपारी जेवून पडली ती उठली नाही. काही आजार नव्हता. दिवसकार्यात लोक येत होते, जात होते. त्यांच्यातले कितीतरी जण जिन्यात माझ्याशी लॉनबद्दल बोलले. काकूंनी काय सुंदर केलं होतं म्हणाले. 

भाचा परदेशातून आला, वडिलांची व्यवस्था लावून परत गेला. दिवसा सांभाळायला एक माणूस ठेवला, तो सकाळी दहाला येतो. पुढच्या महिन्यात सभेपुढे हा विषय नव्हताच, तरी पेडणेकर स्वतः माझ्याकडे आला. डोळे खाली करून म्हणाला, "साहेब, काकांना केव्हाही आणा. मी एका बाजूची दोरी काढलीय. पाटीपण काढतो." त्यानं खरंच काढली. त्याला आधी का नाही असं विचारण्यात अर्थ नव्हता. विचारायचं ते मी थंडीत विचारायला हवं होतं.

मे महिन्यात एके दिवशी मी गेलो. भाऊजी खुर्चीतच असायचे आता. पोटऱ्या उतरल्या होत्या. सांभाळणारा माणूस आला तेव्हा अकरा वाजत आले होते. मी म्हटलं, खाली जाऊ या, पाटी काढलीय. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. चाकांच्या खुर्चीतून लिफ्टनं खाली आणलं. लॉनच्या कडेला चप्पल काढली. एका बाजूनं तो माणूस, दुसऱ्या बाजूनं दत्ताराम. मी समोर उभा राहिलो.

दोघांनी त्यांना उचलल्यासारखं करून गवतावर उभं केलं. डावं पाऊल घोट्यातून थोडं वाकडं टेकलं. भाऊजींनी खाली बघितलं नाही. वर आभाळाकडे बघत राहिले. कुणी काही विचारलं नाही, म्हणून शेवटी मी विचारलं, "काय आहे आज?"

 मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, नीट, काळजीनं बघावं तसं.

"गार आहे," ते म्हणाले.

ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. मी त्यांचं पाऊल सरळ करायला खाली वाकलो, तर गवत हाताला भाजत होतं. मी वर न बघताच म्हटलं, "हो, गार आहे." आणि आम्ही त्यांना परत खुर्चीत बसवलं.